झोप आणि रक्तवाहिन्यांच्या साध्या गाठी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रक्तवाहिन्यांची साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ आणि बिघडलेली झोप या दोन गोष्टी एकाच घरात आल्या की प्रश्नांची रीघ लागते. खालचे प्रश्न लोक पुन्हापुन्हा विचारतात, म्हणून ते एकत्र केले आहेत. या गाठी सर्वांत जास्त लहान बाळांमध्ये दिसतात, त्यामुळे सुरुवातीचा मोठा भाग बाळांबद्दल आहे. मोठ्या मुलांचे आणि प्रौढांचे प्रश्न १५ पासून पुढे आहेत. हे पान डॉक्टरांची जागा घेऊ शकत नाही. बाळाला श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा ते उठवूनही जागं होत नसेल, तर वाचत बसू नका, आधी दवाखाना गाठा.

१. हेमॅन्जिओमा म्हणजे नेमकं काय? तो कॅन्सर असतो का?

नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातल्या पेशी जोमाने वाढल्या की ही गाठ तयार होते. ती शरीरात दुसरीकडे पसरत नाही. बाळांमध्ये दिसणारा प्रकार साधारण १०० पैकी ४ ते ५ बाळांना होतो. मुलींमध्ये आणि वेळेआधी किंवा कमी वजनाच्या जन्मलेल्या बाळांमध्ये त्याचं प्रमाण जास्त असतं.

जन्मताना बहुधा काहीच दिसत नाही, फार तर एखादा फिकट किंवा लालसर डाग असतो. पहिल्या काही आठवड्यांत तो ठळक होतो, ५ ते ७ आठवड्यांच्या सुमारास सर्वांत वेगाने वाढतो आणि ३ महिन्यांपर्यंत बरीचशी वाढ होऊन गेलेली असते. वर्षाच्या आसपास तो ओसरू लागतो आणि बहुतेक मुलांमध्ये ४ वर्षांपर्यंत ओसरणं पूर्ण होतं. म्हणूनच अनेक गाठींना काहीही उपचार लागत नाहीत, नुसतं लक्ष ठेवणं पुरतं. पण ज्यांना उपचार लागतात त्यांच्या बाबतीत वेळ फार महत्त्वाची असते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार जोखमीची गाठ असलेलं बाळ महिन्याचं होईपर्यंत तज्ज्ञांना दाखवलेलं असावं.

२. या गाठीमुळे झोप बिघडते का?

गाठीमुळे थेट निद्रानाश होत नाही. बाळाच्या हातावर किंवा पोटावर शांत बसलेला लाल डाग त्याच्या झोपेला हातही लावत नाही. झोप बिघडते ती आडवाटेने. गाठ श्वासाच्या मार्गात असेल तर श्वास अडखळतो. गाठीवर जखम झाली तर दुखतं. गाठीसाठी दिलेलं औषध झोपेवर परिणाम करतं. आणि गाठ असलेल्या माणसाची किंवा बाळाच्या आईवडिलांची झोप निव्वळ काळजीने उडते.

या वाटांचे उपाय एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत. म्हणून "झोप लागत नाही" एवढंच सांगून भागत नाही, त्यामागची वाट कोणती हे शोधावं लागतं. औषधासाठी प्रश्न ४ ते ७, श्वासासाठी १० आणि ११, दुखण्यासाठी १२ पाहा.

३. गरोदरपणात माझी झोप अजिबात झाली नव्हती. म्हणून बाळाला ही गाठ आली का?

नाही. आईच्या अपुऱ्या झोपेमुळे ही गाठ होते असा कोणताही पुरावा नाही. गर्भात वाढताना काही ऊतींना ऑक्सिजन कमी पडणं हे एक कारण असावं असं संशोधकांना वाटतं, कारण वारेच्या तक्रारी, गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब आणि अपुऱ्या दिवसांचा जन्म यांच्याशी या गाठीचा संबंध दिसतो. तो वारेचा प्रश्न आहे, तुमच्या जागरणांचा नाही. हा प्रश्न बहुतेक वेळा स्वतःला दोष देत विचारलेला असतो, म्हणून उत्तर स्पष्ट देते : तुमचं काही चुकलेलं नाही.

बाळ जन्मल्यानंतर त्याची झोप कमी झाली म्हणून गाठ वाढते, असंही नाही.

४. प्रोप्रॅनोलॉल सुरू केल्यापासून बाळ रात्री किंचाळत उठतं. हे औषधामुळेच आहे का?

शक्यता चांगलीच आहे, पण खात्री करून घ्यायला हवी.

या औषधाचा गाठीवरचा परिणाम योगायोगाने लक्षात आला. फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या त्वचारोगतज्ज्ञ क्रिस्टीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकारासाठी प्रोप्रॅनोलॉल दिलेल्या बाळाची गाठ फिकी आणि मऊ पडताना पाहिली आणि २००८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, पूर्ण मात्रा ६ महिने घेतलेल्या बाळांपैकी ६० टक्क्यांची गाठ पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेली. नुसतं दिसायला औषधासारखं द्रव दिलेल्या बाळांमध्ये हे प्रमाण ४ टक्के होतं. एवढा फरक पडतो म्हणून हे औषध आज पहिली निवड आहे.

झोपेची तक्रार हा त्याचा सर्वांत नेहमीचा दुष्परिणाम आहे. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकानुसार ते घेणाऱ्या १०० बाळांमागे १६ ते १८ बाळांमध्ये ही तक्रार दिसली. त्यात रात्री वारंवार उठणं, उशिरा झोप लागणं, अस्वस्थ झोप, घाबरून उठणं हे सगळं आलं.

आता दुसरी बाजू. औषध न घेणाऱ्या गटातही १०० मागे साधारण ६ बाळांची हीच तक्रार होती. औषध सुरू होतं बहुधा ५ आठवडे ते ५ महिने या वयात, आणि याच काळात बाळाची झोप आपोआप बदलत असते. चौथ्या महिन्याच्या आसपास आधी छान झोपणारी बाळंही दर दोन तासांनी उठू लागतात. त्यामुळे औषध सुरू झाल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही दिवसांतच झोप बिघडली असेल, तर बोट औषधाकडे जातं. औषध सुरू होऊन दोन महिने झाले, मात्रा तीच आहे आणि झोप आता बिघडली असेल, तर वय, दात, सर्दी, भूक यांचाही विचार करा. आठवडाभर डोसच्या, पाजण्याच्या आणि उठण्याच्या वेळा लिहून ठेवल्यात, तर डॉक्टरांना यातला फरक ओळखणं खूप सोपं जातं.

५. हृदयाचं औषध झोपेत का ढवळाढवळ करतं?

दोन कारणं सांगितली जातात. प्रोप्रॅनोलॉल चरबीत सहज विरघळतं, त्यामुळे रक्तातून मेंदूत शिरतं. मोठ्या माणसांनाही या औषधाने ठळक, भीतिदायक स्वप्नं पडतात ती यामुळेच असं मानतात.

दुसरं कारण मेलॅटोनिनचं, म्हणजे रात्री झोप आणणाऱ्या संप्रेरकाचं. अंधार पडला की मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीला मज्जातंतूंकडून नॉरॲड्रेनॅलिनचा निरोप जातो आणि ती मेलॅटोनिन बनवू लागते. हा निरोप पेशींवरच्या ज्या बीटा ग्राहकांवर (निरोप घेणाऱ्या जागांवर) पोचतो तेच हे औषध अडवतं. म्हणजे रात्र झाल्याची खबर ग्रंथीपर्यंत नीट जात नाही. अगदी लहान बाळांमध्ये मेलॅटोनिनची स्वतःची लय तिसऱ्या महिन्याच्या सुमारास बसू लागते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत दोन्हींपैकी कोणतं कारण किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

६. डोसच्या वेळा बदलून फरक पडतो का?

बऱ्याचदा पडतो, आणि डॉक्टर पहिला उपाय बहुधा हाच सुचवतात. दोन डोसमध्ये किमान ९ तास अंतर हवं हा नियम. तो पाळून संध्याकाळचा डोस अलीकडे घेता येतो. उदाहरणार्थ, सकाळी ७ ला पहिला आणि संध्याकाळी ५ ला दुसरा. त्यामुळे झोपेच्या वेळेपर्यंत रक्तातलं औषधाचं प्रमाण चढून उतरायला लागलेलं असतं, शिवाय डोसनंतर बाळ जागं आणि दूध पीत असल्याने साखर उतरण्याचा धोकाही कमी होतो. त्याने भागलं नाही तर डॉक्टर मात्रा थोडी कमी करून पाहतात किंवा औषध बदलतात.

डोस मात्र तुमच्या मनाने कमी करू नका. वाढीच्या काळात कमी मात्रेवर गाठ पुन्हा उसळू शकते. एखादा डोस चुकला तर पुढचा दुप्पट देऊ नका. डोस दिल्यावर बाळाने उलटी केली तरी तो पुन्हा देऊ नका, पुढच्या वेळेची वाट पाहा.

७. झोपेला कमी त्रास देणारं दुसरं औषध नाही का?

आहे. ॲटेनोलॉल पाण्यात विरघळणारं असल्याने मेंदूत कमी शिरतं. चीनमधल्या रुग्णालयांत झालेल्या तुलनात्मक चाचणीत (२०२१) ते गाठीवर प्रोप्रॅनोलॉलच्या तोडीचं ठरलं आणि दुष्परिणाम कमी दिसले. नॅडोलॉलही मेंदूत कमी जातं आणि २०२२ च्या चाचणीत प्रोप्रॅनोलॉलपेक्षा कमी पडलं नाही. मात्र ते शरीरात जास्त वेळ राहतं आणि बरंचसं शौचावाटे बाहेर पडतं, त्यामुळे बाळाला अनेक दिवस शी झाली नाही तर ते साठू शकतं. नॅडोलॉल सुरू असेल तर बद्धकोष्ठाची माहिती डॉक्टरांना लगेच द्यायला हवी.

पातळ, छोट्या गाठींसाठी टिमोलॉलचे थेंब वरून लावतात. थेंब वरून लावायचे म्हणजे पूर्ण निर्धोक, असं नाही. ते त्वचेतून शोषले जातात, जखमेतून तर जास्तच. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये त्याने नाडी मंदावल्याच्या आणि श्वास मध्येच थांबल्याच्या नोंदी आहेत. सांगितले तेवढेच थेंब लावा.

औषध बदलावं का, याबद्दल माझं मत असं : बाळाला गाठीचा फायदा दिसतोय आणि रात्री एखाद्या वेळी जास्त उठतंय, तर थांबावं. घरातलं कुणीच आठवडेच्या आठवडे झोपलेलं नाही अशी परिस्थिती असेल, तर गप्प सोसत राहू नये, बदल मागावा. आईवडिलांची झोप हाही उपचाराचाच भाग आहे. थकलेल्या हातांनी सिरिंजमधून औषध मोजताना चुका होतात.

८. बाळ आता रात्रभर सलग झोपायला लागलंय. औषध सुरू असताना उठवून पाजायचं का?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, कारण इथे चांगली झोपच धोक्याची होऊ शकते.

प्रोप्रॅनोलॉलमुळे उपाशीपोटी रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. एरवी पोट रिकामं राहिलं की यकृत साठवलेली साखर बाहेर सोडतं. औषध त्या कामात अडथळा आणतं, आणि थरथर, धडधड ही धोक्याची पहिली लक्षणंही झाकून टाकतं. म्हणून डोस नेहमी दूध पाजताना किंवा पाजल्यावर लगेच द्यायचा आणि लांब उपास पडू द्यायचा नाही. तज्ज्ञांच्या शिफारशींत साधारण मर्यादा अशी असते : ६ आठवड्यांपेक्षा लहान बाळाला दर ४ तासांनी, ६ आठवडे ते ४ महिने या वयात दर ५ तासांनी आणि त्यापुढे ६ ते ८ तासांनी तरी काहीतरी पोटात जायला हवं. तुमच्या बाळाचं वजन आणि तब्येत पाहून डॉक्टर यात बदल करतील. त्यांना हा आकडा स्पष्ट विचारून घ्या.

बाळाला रात्रीचं दूध तोडून सलग झोपायची सवय लावण्याचे सल्ले सगळीकडून मिळतात. औषध सुरू असेपर्यंत ते बाजूला ठेवा.

बाळ पीत नसेल, उलट्या-जुलाब होत असतील, किंवा सर्दी-खोकल्यात छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर डोस थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. बाळ घामाघूम, पांढरंफटक, लुळं पडलेलं दिसलं, अंग थंडगार लागलं आणि ते शुद्धीवर असेल, तर लगेच दूध किंवा साखरपाणी पाजा आणि निघा. शुद्ध नसेल किंवा झटका येत असेल तर तोंडात काहीही घालू नका, तातडीची मदत बोलवा.

९. माझं बाळ उलट फार झोपतं. हे चांगलंच ना?

४ ते १२ महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते आणि नवजात बाळ त्याहूनही जास्त झोपतं. नुसत्या तासांवरून घाबरू नका. उठल्यावर बाळ टवटवीत असेल, नीट पीत असेल, वजन वाढत असेल तर बाळ झोपाळू आहे, एवढंच.

पण पाजायलाही जागं होत नाही, पिता पिता गळून जातं, आधीपेक्षा सुस्त झालंय, असं असेल तर तीन गोष्टी डोळ्यांसमोर हव्यात. औषध सुरू असेल तर उतरलेली साखर किंवा मंदावलेली नाडी. यकृतात मोठ्या किंवा पुष्कळ गाठी असतील तर हृदयावर येणारा ताण, ज्यात पिताना धाप लागते आणि कपाळाला घाम येतो. आणि तिसरी, जी सहज नजरेतून सुटते : यकृतातल्या या गाठी एक असं विकर बनवतात जे थायरॉइडचं संप्रेरक नासवून टाकतं. ग्रंथी निरोगी असूनही बाळाला थायरॉइडची कमतरता होते. मग बाळ सुस्त, थंड, बद्धकोष्ठ असलेलं दिसतं. जन्मानंतर लगेच केलेली थायरॉइडची तपासणी चांगली आली असली तरी हे नंतर उद्भवू शकतं. म्हणूनच त्वचेवर ५ किंवा जास्त गाठी असल्या तर डॉक्टर यकृताची सोनोग्राफी करून घेतात, आणि यकृतात गाठी दिसल्या तर थायरॉइड पुन्हा तपासतात.

१०. झोपेत बाळाच्या घशातून आवाज येतो. गाठ आत असू शकते का?

बाळाच्या हनुवटीवर, खालच्या ओठावर, जबड्यावर, कानापुढे किंवा गळ्याच्या पुढच्या भागावर, म्हणजे दाढी उगवते त्या पट्ट्यात पसरलेली गाठ असेल, तर हा आवाज गंभीरपणे घ्या. अशा बाळांमध्ये स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेच्या तोंडाशीही गाठ असण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. त्वचेवर काहीच नसताना आत गाठ असलेली बाळंही असतात.

या गाठीचा आवाज नाकातल्या घोरण्यापेक्षा वेगळा असतो. श्वास आत घेताना आणि बाहेर सोडताना दोन्ही वेळा घरघरल्यासारखा, कर्कश आवाज येतो. रडताना, पिताना, सर्दी झाल्यावर तो वाढतो. खोकला भुंकल्यासारखा येतो. साधारण ६ ते १२ आठवड्यांच्या वयात, गाठ भराभर वाढते तेव्हा, हे सुरू होतं. सुरुवातीला बहुतेकांना घशाच्या विषाणूंचा नेहमीचा संसर्ग वाटतो. सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडने काही दिवस बरंही वाटतं, आणि म्हणून निदान लांबतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला असा खोकला पुन्हापुन्हा होत असेल तर "आत गाठ तर नाही ना?" हे डॉक्टरांना सरळ विचारा. त्यात संकोच नको.

आवाजाचा व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवा, छाती उघडी दिसेल असा. बाळ तपासणीच्या वेळी नेमकं शांत असतं. पक्कं निदान कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीने आत पाहून करतात. प्रोप्रॅनोलॉल इथे फार उपयोगी पडतं आणि बहुतेकांची मोठी शस्त्रक्रिया टळते.

फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाणं, नाकपुड्या फुलणं, ओठ निळसर होणं, श्वास मध्येच थांबणं : यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

११. गाठ नाकाच्या शेंड्यावर आहे. तिने झोपेत श्वास अडेल का?

बाहेरच्या बाजूची गाठ बहुधा श्वास अडवत नाही. नाकपुडीच्या आत शिरलेली अडवू शकते, आणि पहिल्या काही महिन्यांत बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेत असल्याने एक नाकपुडी बंद होणंही त्यांना जड जातं. पिताना सारखं तोंड सोडणं, झोपेत दचकून उठणं ही खूण. नाकावरच्या गाठीवर श्वास अडत नसला तरी लवकर उपचार करतात, कारण ती नाकाचा आकार कायमचा बदलू शकते.

१२. गाठीवर जखम झाली आहे आणि बाळ झोपतच नाही. काय करावं?

गाठीवर व्रण होणं ही सर्वांत नेहमीची गुंतागुंत आहे. लंगोटाची जागा, ओठ, मान आणि काख यांसारख्या घड्यांमध्ये ती जास्त होते, बहुधा गाठ जोरात वाढत असताना. काही वेळा जखम होण्याआधी गाठीचा मधला भाग पांढुरका पडतो. हा व्रण किती दुखतो याचा अंदाज मोठ्यांना येत नाही. प्रत्येक लघवी, प्रत्येक कूस बदलणं बाळाला जागं करतं, आणि या बाळाला "हट्टी" म्हणणं अन्यायाचं आहे.

दुखणं थांबलं की झोप परत येते. वजनानुसार ठरवलेलं पॅरासिटामॉल, जखमेवर पेट्रोलियम जेलीचा जाड थर, न चिकटणारी पट्टी, लंगोट लगेच बदलणं आणि पुसण्याऐवजी कोमट पाण्याने धुणं, एवढ्याने रात्र बरीच सुसह्य होते. व्रण भरायला आठवडे लागतात. बधिर करणारी मलमं स्वतःहून लावू नका, जखमेतून ती रक्तात जाऊन बाळाला विषबाधा होऊ शकते. घाण वास, पू, ताप किंवा दाबूनही न थांबणारं रक्त असेल तर त्याच दिवशी दाखवा. रक्त आलं तर स्वच्छ कापडाने १० मिनिटं सलग दाबून धरा, मध्ये उघडून पाहू नका.

१३. गाठ पाठीवर किंवा डोक्याच्या मागे आहे. बाळाला पालथं झोपवलं तर चालेल का?

नाही. पहिलं वर्षभर झोपवायचं ते पाठीवरच, टणक आणि सपाट गादीवर. पालथं झोपवल्याने झोपेतल्या आकस्मिक मृत्यूचा धोका वाढतो. गाठ दाबली गेली म्हणून बिघडत नाही. त्या जागी व्रण असेल तर पट्टी कशी बांधायची ते डॉक्टरांना विचारा. उशा, लोड, गोल कड्या लावून बाळाला कुशीवर टेकवण्याचे उपायही टाळा.

१४. बाळाला झोपेचं सिरप किंवा मेलॅटोनिन देऊ का?

नको. सर्दीच्या सिरपमधल्या गुंगी आणणाऱ्या औषधांनी बाळांचा श्वास मंदावू शकतो. त्यातलं प्रोमेथाझिन तर दोन वर्षांखाली द्यायचंच नाही असा ठळक इशारा आहे. श्वासमार्गात गाठ असली तर धोका दुप्पट, आणि प्रोप्रॅनोलॉलवरच्या बाळाला गुंगीत ठेवलं तर प्रश्न ८ मधली लक्षणं ओळखूच येणार नाहीत. मेलॅटोनिनही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही.

१५. औषध बंद केल्यावर झोप सुधारते का? कायमचा परिणाम तर होणार नाही?

औषधामुळे बिघडलेली झोप औषध थांबल्यावर सुधारते, अनेकदा मात्रा स्थिर झाल्यावर आधीच सुधारलेली असते. या औषधावर वाढलेल्या मुलांच्या बुद्धी आणि विकासाबद्दलचे आजवरचे अभ्यास एकंदरीत दिलासा देणारे आहेत. उपचार बहुधा बाळ वर्षाचं होईपर्यंत तरी चालू ठेवतात, कारण लवकर थांबवलं तर गाठ पुन्हा वाढू शकते.

मूल ३-४ वर्षांचं होऊन घोरत असेल तर जुन्या गाठीला दोष देण्याआधी टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडेनॉइडची तपासणी करा. या वयातल्या घोरण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

१६. माझ्या मुलाचं नाक कायम बंद असतं, तो घोरतो आणि नाकातून रक्त येतं. वय १४.

वयात येणाऱ्या मुलाला एकाच बाजूने नाक बंद आणि वारंवार घोळणा फुटणं अशी जोडी असेल, तर नाकाच्या मागच्या भागात होणाऱ्या ॲन्जिओफायब्रोमाची शंका घ्यावी लागते. ही रक्तवाहिन्यांनी भरलेली साधी गाठ जवळजवळ फक्त मुलग्यांमध्ये होते. तिच्यामुळे नाक बंद होऊन घोरणं आणि झोपेत श्वास अडणं सुरू होतं. साधी असली तरी ती आजूबाजूच्या हाडांत शिरते, त्यामुळे थांबून चालत नाही. बाह्यरुग्ण विभागात तिचा तुकडा काढणं धोक्याचं असतं, रक्त आवरत नाही. आधी स्कॅन, मग नियोजन करून शस्त्रक्रिया, असा क्रम असतो.

१७. सोनोग्राफीत यकृतात हेमॅन्जिओमा निघाला, तेव्हापासून मला झोप नाही.

यकृतातली ही सर्वांत जास्त आढळणारी साधी गाठ आहे, आणि ती बहुधा दुसऱ्याच कशासाठी केलेल्या तपासणीत सापडते. तिचा कॅन्सर होत नाही. लहान गाठीला उपचार लागत नाहीत. फार मोठ्या गाठीत उजवीकडे बरगडीखाली जडपणा किंवा दुखणं जाणवू शकतं, आणि तेवढ्यापुरती कूस बदलताना झोप मोडू शकते. बाकी तुमची झोप उडवणारी गोष्ट रिपोर्टातला शब्द आहे, यकृत नाही. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि तीन गोष्टी विचारा : निदान पक्कं आहे का, पुन्हा तपासणी कधी, आणि कशाची काळजी करायची. नेमकी उत्तरं मिळाली की बहुतेकांची रात्र सुधारते. महिना उलटूनही झोप येत नसेल तर निद्रानाशावर स्वतंत्र उपचार घ्या. त्यासाठी विचार आणि सवयींवर काम करणारी थेरपी गोळ्यांपेक्षा टिकाऊ ठरते.

प्रोप्रॅनोलॉल या गाठीवर वापरत नाहीत. बाळांच्या गाठीपेक्षा ही मुळात वेगळी आहे.

१८. एमआरआयमध्ये मणक्यात हेमॅन्जिओमा आहे आणि रात्री पाठ दुखते. संबंध असेल?

बहुधा नाही. मणक्यातला हेमॅन्जिओमा साधारण दहातल्या एका माणसात असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. पाठदुखीचं कारण सहसा स्नायू, चकती किंवा सांधा असतो. मोजक्या लोकांमध्ये मात्र गाठ हाडाबाहेर वाढून मज्जारज्जूवर दाब आणते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत असं घडल्याची उदाहरणं आहेत. आडवं पडूनही न थांबणारं, झोपेतून उठवणारं दुखणं, पायांत अशक्तपणा किंवा बधिरपणा, चालताना तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं ही लक्षणं असतील तर तातडीने दाखवा, मग रिपोर्टात काहीही लिहिलेलं असो.

१९. एका बोटाच्या नखाखाली थंडीत असह्य कळ येते, रात्री पांघरूण लागलं तरी जाग येते. एक्स-रे मात्र स्वच्छ आहे.

ग्लोमस ट्यूमरबद्दल विचारा. त्वचेतलं तापमान सांभाळणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून होणारी ही गाठ अनेकदा काही मिलिमीटरची असते, साध्या एक्स-रेत दिसत नाही, आणि लोक वर्षानुवर्षं दवाखाने फिरतात. थंडीने कळ, टोकदार वस्तूने एकाच बिंदूवर दाबल्यावर प्राणांतिक दुखणं आणि अधूनमधून झटक्यासारख्या कळा, ही तिची ओळख. दंडाला पट्टा बांधून रक्तपुरवठा क्षणभर थांबवला की दुखणं विरतं, ही डॉक्टर करून पाहतात ती एक सोपी चाचणी. एमआरआयने जागा कळते. गाठ पूर्ण काढली की दुखणं थांबतं आणि झोप परत येते. झोप बिघडवणाऱ्या या सगळ्या गाठींमध्ये इतका स्वच्छ इलाज क्वचितच मिळतो.

२०. जिभेवर आणि घशात निळसर फुगवटा आहे. उताणं झोपलं की गुदमरायला होतं.

याला लोक हेमॅन्जिओमा म्हणतात, पण जन्मापासून असलेला, हळूहळू वाढणारा, खाली वाकल्यावर किंवा आडवं झाल्यावर फुगणारा निळसर उंचवटा बहुधा शिरांच्या रचनेतला दोष असतो. १९८२ मध्ये मलिकेन आणि ग्लोवाकी या डॉक्टरांनी पेशी वाढून होणाऱ्या गाठी आणि रचनेतले दोष यांची फारकत केली. उपचार त्यावरच ठरतात : शिरांचा दोष आपोआप ओसरत नाही, आणि त्याला प्रोप्रॅनोलॉल लागू पडत नाही. आडवं झाल्यावर तिथे रक्त साठतं, जागा अरुंद होते आणि झोपेत श्वास थांबण्याचा विकार होतो. उशाकडची बाजू उंच करून, कुशीवर झोपा आणि झोपेची तपासणी करून घ्या. श्वासाला दाब देणारं यंत्र, शिरा बंद करणारं इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया हे पर्याय असतात. कोणत्याही कारणासाठी भूल घ्यायची असेल तर भूलतज्ज्ञांना हे आधी सांगा.

२१. मी मोठ्या वयात बीटा-ब्लॉकर (प्रोप्रॅनोलॉल, ॲटेनोलॉल यांच्या गटातलं औषध) घेतोय आणि वाईट स्वप्नं पडतात. मेलॅटोनिन चालेल का?

डॉक्टरांना विचारून. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या लोकांना ३ आठवडे रोज रात्री २.५ मिलिग्रॅम मेलॅटोनिन दिल्यावर त्यांची झोप सरासरी ३६ मिनिटांनी वाढली. त्यात ॲटेनोलॉल घेणारेही होते, म्हणजे मेंदूत कमी शिरणारं औषधही मेलॅटोनिन कमी करतंच. गोळी एकदम बंद करू नका, नाडी आणि रक्तदाब उसळी मारतात.

२२. मेंदूत कॅव्हर्नोमा आहे. जागरणाने काही बिघडेल का?

प्रश्न ३ मध्ये म्हटलं की झोप कमी झाल्याने गाठ वाढत नाही. ते इथेही खरं आहे, पण एक अपवाद जोडायला हवा. साधारण २०० पैकी एका माणसाच्या मेंदूत कॅव्हर्नोमा असतो. तो लहान रक्तवाहिन्यांचा गुच्छ असतो आणि अनेकांना काहीच त्रास होत नाही. ज्यांना होतो त्यांच्यात आकडी हे नेहमीचं लक्षण आहे, आणि अपुरी झोप आकडीला निमित्त ठरते. आकडी येऊन गेलेल्यांनी झोपेची वेळ औषधाइतकीच काटेकोर पाळावी, रात्रपाळी शक्यतो टाळावी. झोपेत येणारी आकडी घरच्यांना नुसती बडबड किंवा हातपाय झाडणं वाटते. सकाळी जीभ चावलेली, अंग ठणकणारं, अंथरूण ओलं असेल तर ते डॉक्टरांना सांगा. आकडीच्या काही औषधांनी स्वभाव चिडका होतो किंवा झोप बिघडते, तेव्हाही स्वतःहून न थांबवता बदल मागा.

लहान मेंदूत होणारी हेमॅन्जिओब्लास्टोमा ही साधी गाठ वेगळी. तिच्यामुळे मेंदूतल्या पाण्याची वाट अडली तर पहाटे डोकेदुखीने जाग येते, उलटी होते, चालताना तोल जातो. अशी डोकेदुखी दिवसेंदिवस वाढत असेल तर झोपेची गोळी न मागता आधी मेंदूचा स्कॅन करून घ्या.